ग्रुपवर कुणी मरणाची भाषा करू लागले तर काय करावे

हे मार्गदर्शन व्हॉट्सॲप, टेलिग्राम, फेसबुक किंवा तत्सम ठिकाणी ग्रुप चालवणाऱ्या ॲडमिनसाठी आणि त्यांतल्या जाणत्या सदस्यांसाठी आहे. काही ग्रुप मुळातच नैराश्य, व्यसनमुक्ती किंवा एकटेपणा यांविषयी बोलण्यासाठी काढलेले असतात आणि तेथे मरणाचा विषय निघणार हे गृहीतच धरावे लागते. पण पुण्याच्या पेठांमधल्या अभ्यासिकांत बसणाऱ्या स्पर्धा परीक्षेच्या उमेदवारांचा ग्रुप, एखाद्या तालुक्यातल्या कांदा उत्पादकांचा ग्रुप किंवा कॉलेजची जुनी बॅच, यांपैकी कुठेही एखाद्या रात्री कुणीतरी "आता बास, थकलो" एवढेच लिहून जाते आणि पुढे काय करावे ते कुणालाच सुचत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशात 1,70,924 जणांनी आत्महत्या केली. त्यांपैकी 22,746 जण महाराष्ट्रातले होते आणि हा आकडा सर्व राज्यांत सर्वांत मोठा होता. काही शे सदस्यांचा ग्रुप वर्षानुवर्षे चालवणाऱ्याने ही वेळ आपल्यावर येणारच नाही असे समजू नये.

वाचणाऱ्याच्या स्वतःच्याच मनात असे विचार असतील, तर पुढचे सारे बाजूला ठेवून 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आधी लावावा. तो मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो आणि मराठीत बोलता येते. आत्ता या क्षणी जिवाला धोका असेल तर 112 लावावा आणि घरातल्या किंवा शेजारच्या एका माणसाला जवळ बोलावून घ्यावे.

गप्प बसवणे आणि मोकळे सोडणे

बहुतेक ॲडमिनची पहिली प्रतिक्रिया मेसेज उडवण्याची आणि माणसाला ग्रुपमधून काढण्याची असते. त्यामागे दुष्टपणा नसतो, भीती असते. "उद्या काही झाले तर पोलीस आपल्याला विचारतील" हा विचार मनात असतो. मात्र ज्याने हे लिहिले त्याच्या दृष्टीने पाहिले तर त्याने उरलेल्या एका दारावर थाप मारली आणि ते दार तोंडावर बंद झाले. शिवाय काढून टाकलेला माणूस तेथेच थांबत नाही. तो शोधत राहतो, आणि शोधता शोधता जेथे मरण हेच उत्तर आहे असे सगळे मिळून म्हणतात अशा ठिकाणी जाऊन पोहोचू शकतो.

अशा ठिकाणांचे आकर्षण समजून घ्यायला हवे, कारण ते समजले नाही तर आपल्या ग्रुपने काय द्यायचे हेही कळत नाही. तेथे कुणी उपदेश करत नाही, कुणी दचकत नाही, आणि "मला पण असेच वाटते" असे सांगणारा माणूस पहाटे तीनलाही जागा असतो. निराश माणसाला हे फार मोलाचे वाटते आणि ते मोलाचे आहेही. धोका त्याच्या पुढे आहे. ज्या ठिकाणी केवळ निराश माणसेच एकमेकांशी बोलतात आणि कुणीही बाहेरचा रस्ता दाखवत नाही, तेथे हळूहळू मरणाचा विचार सवयीचा होत जातो, साधनांची माहिती फिरू लागते आणि मागे फिरणाऱ्याला भित्रा ठरवले जाते.

त्यात सावज शोधणारेही शिरतात. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातला एक माजी परिचारक ऑनलाइन चर्चांमध्ये स्वतःला तरुण परिचारिका म्हणवून घेत असे, समोरच्याच्या दुःखात सहभागी असल्याचे दाखवत असे आणि "आपण दोघे एकत्रच जाऊ" असे खोटे वचन देत असे. त्याच्यावरचा खटला त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2014 मध्ये तो आत्महत्येला मदत केल्याबद्दल पुन्हा दोषी ठरला. जपानमध्ये झामा शहरात 2017 साली उघडकीला आलेल्या प्रकरणात तर एकाच माणसाने ट्विटरवर मरणाविषयी लिहिणाऱ्यांना हेरून, मदतीच्या किंवा सोबतीच्या बहाण्याने बोलावून नऊ जणांचे खून केले होते. त्या नऊपैकी कुणीही आपल्या मृत्यूला संमती दिलेली नव्हती, असा निष्कर्ष न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये नोंदवला. मरणाविषयी लिहिणारा माणूस पुष्कळदा कुणीतरी ऐकावे म्हणून लिहीत असतो, हे त्या निकालातून इतक्या भयंकर रीतीने पुढे आले.

म्हणून ग्रुपचे धोरण एका वाक्यात बसवता येते: दुःखाविषयी आणि मरणाच्या विचाराविषयी बोलायला मुभा असावी, मरणाच्या साधनाविषयी, ठिकाणाविषयी, वेळेविषयी आणि सोबतीविषयी बोलायला मुळीच नसावी, आणि बोलणे शक्य तितक्या लवकर अनेकांच्या गर्दीतून एका माणसाकडे आणि पडद्यावरून आवाजाकडे नेले जावे. पुढचे सारे त्याचाच तपशील आहे.

नियम आधी लिहून ठेवावा

प्रसंग आल्यावर नियम करायला बसले तर तो त्या एका माणसाविरुद्ध केलेला नियम वाटतो. त्यामुळे ग्रुपच्या माहितीत किंवा पिन केलेल्या मेसेजमध्ये तो आधीपासून असावा. नमुना असा: "या ग्रुपवर निराशा, दुःख, जगणे नको वाटणे याविषयी लिहायला मनाई नाही. मात्र जीव देण्याचे मार्ग, साधने, ठिकाण, वेळ किंवा सोबत याविषयी लिहिल्यास तो मेसेज काढला जाईल आणि ॲडमिन तुम्हाला थेट फोन करतील. त्यासाठी तुम्हाला ग्रुपमधून काढले जाणार नाही. ॲडमिन डॉक्टर नाहीत आणि रात्रभर जागे नसतात. तातडीच्या वेळी 14416 किंवा 112 लावा."

या मजकुरातले "काढले जाणार नाही" हे शब्द सर्वांत महत्त्वाचे आहेत आणि पहिल्या कसोटीच्या वेळी नेमका त्यांचाच विसर पडतो. ॲडमिन डॉक्टर नाहीत आणि झोपतात, हेही मोकळेपणाने सांगितलेले बरे. जे देता येणार नाही त्याचे आश्वासन निराश माणसाला देणे क्रूरपणाचे आहे.

याच नियमांत एक गोष्ट प्रोत्साहनाचीही असावी. वाईट काळातून गेलेल्या माणसाने त्या दिवसांत आपण काय केले, कुणाशी बोललो, औषध कसे सुरू झाले हे लिहिले तर ते पिन करावे. ऑस्ट्रियातल्या वर्तमानपत्रांचा 2010 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो की आत्महत्येचा विचार आलेला माणूस त्यातून कसा सावरला हे सांगणाऱ्या बातम्यांनंतर आत्महत्यांचे प्रमाण घटलेले दिसले, तर गाजावाजा करणाऱ्या, पुनःपुन्हा छापल्या जाणाऱ्या बातम्यांनंतर ते वाढलेले दिसले. ग्रुप हेही छोटे वर्तमानपत्रच असते.

मेसेज ओळखणे

"मी आत्महत्या करणार आहे" असे सरळ फार थोडे जण लिहितात. मराठीत ही गोष्ट आडवळणाने येते: "आता सुटायचं आहे", "माझ्यामुळे सगळ्यांनाच त्रास", "मी नसलो तर घरच्यांचं ओझं कमी होईल", "काही चुकलं असेल तर माफ करा", "आईकडे लक्ष द्या". शेवटची दोन वाक्ये विशेष गंभीरपणे घ्यावीत, कारण त्यांत निरोप आहे. एरवी बडबड करणारा सदस्य अचानक सगळ्यांचे आभार मानू लागला, आपली पुस्तके आणि नोट्स वाटून टाकू लागला, किंवा अनेक आठवड्यांच्या घालमेलीनंतर एकदम शांत आणि प्रसन्न झाला, तर त्याला बरे वाटू लागले असे लगेच समजू नये. निकाल लागल्याची रात्र, कर्जाच्या वसुलीची नोटीस, मोडलेले लग्न, सोबतच्या कुणाचा मृत्यू, व्यसन पुन्हा सुरू होणे आणि दवाखान्यातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे, हे काळ अधिक जोखमीचे असतात.

"हा नुसते लक्ष वेधून घेतोय" असे म्हणणारा एकजण प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्याच्याशी वाद घालण्यात वेळ दवडू नये. लक्ष वेधून घेत असेल तर लक्ष द्यावे, इतके ते साधे आहे.

पहिले उत्तर

रात्री दीडच्या सुमारास असा मेसेज येतो तेव्हा पुष्कळ ग्रुपवर काय घडते ते आठवून पाहावे. खाली चार जण हात जोडल्याची चिन्हे टाकतात, एक जण "बी पॉझिटिव्ह" लिहितो, एक जण कुठूनतरी आलेली प्रेरणादायी कविता पुढे ढकलतो, कुणी "आईवडिलांचा तरी विचार कर" म्हणतो, आणि सकाळी सहाला फुलांच्या चित्रासह "शुभ सकाळ" येऊन तो मेसेज वर सरकून जातो. यातले कुणीही वाईट वागलेले नसते, पण लिहिणाऱ्यापर्यंत एवढेच पोहोचते की कुणाला ऐकायचे नाही. "आईवडिलांचा विचार कर" हे तर उलटेच लागते. तो त्यांचाच विचार करत असतो आणि आपण त्यांच्यावर भार आहोत हाच त्याचा निष्कर्ष असतो.

पहिल्या उत्तरात तीन गोष्टी असाव्यात: मेसेज वाचला आहे हे नाव घेऊन सांगणे, सरळ प्रश्न विचारणे, आणि पुढे कोण बोलणार हे सांगणे. उदाहरणार्थ: "सागर, तू लिहिलेलं मी दोनदा वाचलं. फार एकटा पडलायस असं वाटतंय. स्पष्टच विचारतो, जीव द्यायचा विचार मनात येतोय का? मी तुला आत्ता वेगळा मेसेज करतोय, फोन उचल." वयाने मोठ्या व्यक्तीला हेच "काका, तुम्ही लिहिलेलं वाचलं" असे लिहावे. भाषा ग्रुपमध्ये एरवी असते तीच ठेवावी. एकदम सरकारी परिपत्रकासारखे मराठी आले की माणूस मिटतो.

सरळ विचारले तर नसलेला विचार डोक्यात भरेल, ही समजूत फार पक्की आहे आणि ती चुकीची आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमधल्या 2,342 विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निम्म्यांना आत्महत्येविषयी प्रश्न विचारले, निम्म्यांना विचारले नाहीत. विचारलेल्यांमध्ये ना मनस्ताप वाढला, ना तसे विचार. जे आधीच नैराश्यात होते त्यांना उलट थोडे बरे वाटलेले दिसले. ज्याच्या मनात असा विचार नसेल तो "नाही रे, तसं काही नाही, वैतागलोय फक्त" असे सांगून मोकळा होतो.

पुढचे बोलणे

फोन त्याच माणसाने करावा ज्याने ग्रुपवर पहिले उत्तर लिहिले आहे. तीन ॲडमिन आणि दोन जुने मित्र एकाच वेळी फोन करू लागले तर तो फोन बंद करून ठेवतो. कुणी बोलायचे ते ॲडमिननी आपसात आधीच ठरवून ठेवावे. फोन घेतलाच नाही तर लेखी बोलणे सुरू ठेवावे. फोनवर बोलण्याचा संकोच असणारे पुष्कळ असतात आणि जपानमध्ये झामा प्रकरणानंतर सरकारच्या पाठबळाने समाजमाध्यमांवरचे लेखी समुपदेशन उभे राहिले ते याच कारणाने.

बोलताना पहिली काही मिनिटे फक्त ऐकावे. त्यानंतर धोका किती जवळ आहे हे समजण्यासाठी काही गोष्टी विचाराव्या लागतात: हा विचार आज आला की बरेच दिवस आहे, काही ठरवले आहे का, ठरवले असेल तर ती वस्तू हाताशी आहे का, आत्ता एकटाच आहे का, दारू घेतली आहे का, आणि पूर्वी कधी प्रयत्न केला होता का. साधनाचा तपशील खोदून विचारण्याची गरज नाही. ते जवळ आहे की नाही एवढेच कळायला हवे, कारण ते त्या रात्रीपुरते दूर करणे ही सर्वांत उपयोगी गोष्ट असते. तीव्र इच्छेचा कडेलोटाचा काळ बहुधा थोडा असतो आणि तो ओसरेपर्यंत अंतर निर्माण करता आले तर पुष्कळ साधते. "ते रूममेटकडे दे", "घराबाहेर पडून भावाच्या खोलीवर जा, तोवर मी फोनवर आहे", अशी नेमकी आणि लहान विनंती करावी.

"कुणाला सांगू नकोस" असे तो म्हणेल. त्या वेळी वचन देऊ नये. "ग्रुपवर मी काही लिहिणार नाही, पण तुझा जीव धोक्यात आहे असं वाटलं तर मी एका माणसाला सांगणार, आणि कुणाला सांगायचं ते तू ठरव" असे म्हणता येते. निवड त्याच्या हाती दिली की नाव बहुधा मिळते, आणि ते नेहमी आईवडिलांचेच असते असे नाही. कधी मामा असतो, कधी मेसवाल्या काकू असतात, कधी जुन्या शाळेतले सर असतात. काही घरांत घरचे हेच दुःखाचे कारण असते, म्हणून घरी परस्पर कळवण्याची घाई करू नये. अठरा वर्षांखालील मुलगा किंवा मुलगी असेल आणि घरात मारहाण किंवा छळ होत असेल तर 1098 ही बालकांसाठीची हेल्पलाइन आहे.

साधन हाताशी आहे, ठरवलेले आहे, किंवा त्याने काही करून घेतल्याचे सांगितले, तर आणखी वाट न पाहता 112 लावावा. पत्ता, गाव, राहण्याच्या ठिकाणाची खूण, मोबाइल क्रमांक आणि शेवटचा मेसेज कधी आला ती वेळ एका जागी लिहून मगच फोन करावा, म्हणजे समोरच्याला शोधणे सोपे जाते. दुसऱ्या ॲडमिनने हे करावे आणि पहिल्याने बोलत राहावे. टेलिग्रामवर क्रमांक दिसत नसतो, त्यामुळे तेथे जुने मेसेज चाळून गाव, कॉलेज किंवा अभ्यासिका यांचा माग काढावा लागतो. फेसबुकवर पोस्ट रिपोर्ट करताना आत्महत्येचा पर्याय निवडता येतो आणि त्याचा उपयोग होतो. जानेवारी 2021 मध्ये धुळ्यातल्या एका तरुणाच्या थेट प्रक्षेपणाची माहिती फेसबुकच्या आयर्लंडमधल्या कार्यालयातून मुंबईच्या सायबर पोलिसांना मिळाली, त्यांनी धुळे पोलिसांना कळवले आणि पोलीस वेळेत त्याच्या घरी पोहोचल्याने तो वाचला. व्हॉट्सॲपवर मात्र मेसेज कंपनीला वाचता येत नाहीत, तेव्हा वरून कुणी पाहत असेल या भरवशावर राहू नये.

तातडीचा धोका नसेल तर बोलणे संपण्यापूर्वी त्याच्याकडून त्याच्याच फोनमध्ये एक टिपण लिहून घ्यावे. बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राऊन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी घडवलेल्या पद्धतीचे हे साधे रूप आहे. वाईट वेळ येऊ लागली की आधी काय जाणवते, तेव्हा एकट्याने काय करून पाहता येते, कुठे जाऊन किंवा कुणात मिसळून मन दुसरीकडे वळते, कुणाला स्पष्ट सांगता येते, कोणत्या डॉक्टरला किंवा हेल्पलाइनला फोन करायचा आणि धोक्याची वस्तू कुणाकडे ठेवायची, हे त्यात त्याच्या शब्दांत असावे. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत हे टिपण आणि पाठोपाठ फोन अशी व्यवस्था केली तेव्हा पुढच्या सहा महिन्यांत आत्मघाती वर्तन जवळजवळ निम्म्याने कमी आढळले, असे 2018 चा अभ्यास सांगतो. "चहाच्या टपरीवर जाऊन बसणे" हे त्या टिपणातले पूर्णपणे योग्य उत्तर आहे.

ग्रुपवर त्याच वेळी

एक जण खासगीत बोलत असताना ग्रुप वाऱ्यावर सोडू नये. काही काळ फक्त ॲडमिनना लिहिता येईल अशी सोय चालू करावी आणि "सागरशी बोलणे सुरू आहे, त्याला सगळ्यांनी एकदम फोन करू नयेत, हे वाचून कुणाला त्रास होत असेल तर मला किंवा मीनाताईंना वेगळा मेसेज करा" एवढेच लिहावे. मेसेजमध्ये साधन किंवा ठिकाण आलेले असेल तर तो सर्वांसाठी डिलीट करावा. नुसते दुःख असेल तर ठेवावा. वाचणाऱ्यांपैकी आणखी एखादा त्याच वाटेवर उभा असू शकतो, आणि त्याला दोन्ही गोष्टी दिसायला हव्यात: येथे बोललेले चालते आणि बोलल्यावर कुणीतरी फोन करते.

स्क्रीनशॉट दुसऱ्या ग्रुपवर टाकणाऱ्याला मात्र समज न देता काढावे. येथे माझे मत कठोर आहे. गावात किंवा बॅचमध्ये बोभाटा झाला की तो माणूस पुन्हा कुणालाच काही सांगत नाही.

"मी पण येतो तुझ्यासोबत", "कर एकदाचं", "याने काही होत नाही, मी सांगतो काय कर" अशा तऱ्हेचे लिहिणाऱ्याला, आणि अशा प्रसंगानंतर निराश सदस्याला परस्पर खासगी मेसेज करून भेटायला बोलावणाऱ्या अनोळखी खात्याला, तत्काळ काढून त्याची तक्रार करावी. मेसेज डिलीट करण्यापूर्वी पुराव्यासाठी तो जपून ठेवावा. "सोबत येतो" म्हणणारा स्वतःच खरोखर निराश असेल तर त्याच्याशीही दुसऱ्या ॲडमिनने तितक्याच आस्थेने बोलावे, पण त्या दोघांना एकमेकांच्या भरवशावर सोडू नये. नव्या सदस्यांना मंजुरीनंतरच प्रवेश अशी सोय अशा ग्रुपवर कायम चालू असावी.

कायद्याची भीती

ही भीती बरीचशी निराधार आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 मध्ये आला आणि मे 2018 पासून लागू झाला. त्याच्या कलम 115 नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे मानले जाते आणि तिला उपचार व पुनर्वसन देण्याची जबाबदारी सरकारवर आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम 309 सारखे, प्रयत्न करणाऱ्याला सरसकट शिक्षा देणारे कलम राहिलेले नाही, लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा वेगळा गुन्हा आहे. त्यामुळे "पोलिसांत गेलो तर त्याच्यावरच केस होईल" या शंकेपायी 112 लावायला कचरू नये. गुन्हा आहे तो चिथावणीचा: संहितेच्या कलम 108 खाली त्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. ॲडमिनविषयी सांगायचे तर सदस्याने टाकलेल्या मेसेजबद्दल, समान हेतू असल्याशिवाय, ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये म्हटले आहे. तो वाद वेगळ्या स्वरूपाच्या मेसेजवरून उद्भवला होता, पण तत्त्व येथेही उपयोगी आहे.

अडचणीलाही हात घालावा

सगळेच दुःख मनाचे आजार म्हणून समुपदेशकाकडे पाठवून चालत नाही. कर्ज देणाऱ्या ॲपचे लोक नातेवाइकांना फोन करून बदनामी करत असतील किंवा अश्लील व्हिडिओ कॉलवरून कुणी पैसे उकळत असेल, तर 1930 वर किंवा सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवायला सोबत बसणे हाच त्या दिवशीचा खरा उपचार असतो. पीककर्जाच्या प्रश्नात तालुक्याला जाणारा एखादा जाणकार सदस्य शंभर सुविचारांपेक्षा उपयोगी पडतो. नैराश्य खरोखर असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली तपासणी आणि औषधे मिळतात. पहिल्या वेळी कुणीतरी सोबत जावे, कारण केसपेपर काढण्याच्या रांगेतूनच माणसे परत येतात. जवळच्या माणसाने हात धरून नेले की फरक पडतो, हे गोव्याच्या संगाथ या संस्थेने अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत दाखवून दिले आहे. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन बोलायला सुरुवात केल्यावर दीडेक वर्षात नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे 4 टक्क्यांवरून 27 टक्क्यांवर गेले.

क्रमांकांची यादी

इंटरनेटवर फिरणाऱ्या हेल्पलाइनच्या याद्यांतले कितीतरी क्रमांक बंद पडलेले असतात, आणि मोठ्या धैर्याने लावलेला फोन "हा क्रमांक अस्तित्वात नाही" असे ऐकून ठेवावा लागणे यासारखे वाईट काही नाही. म्हणून पिन करण्याआधी प्रत्येक क्रमांक स्वतः लावून पाहावा, वेळ आणि भाषा विचारून घ्यावी, आणि यादी तीन-चार ओळींपेक्षा मोठी करू नये. टेली-मानस ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. फोन लागल्यावर भाषा निवडावी लागते आणि कधी थोडे थांबावे लागते, हे आधीच सांगितलेले असले की माणूस मधेच फोन ठेवत नाही. परदेशातली मराठी माणसे ग्रुपमध्ये असतील तर त्यांना भारतातला क्रमांक देऊन उपयोग नाही. अमेरिकेत 988, ब्रिटनमध्ये सॅमॅरिटन्सचा 116 123 आणि ऑस्ट्रेलियात लाइफलाइनचा 13 11 14 हे क्रमांक त्यांच्यासाठी वेगळे लिहून ठेवावेत.

ॲडमिनचे स्वतःचे

एकट्याने असा ग्रुप चालवू नये. किमान तिघे असावेत आणि रात्रीची पाळी वाटून घ्यावी. गंभीर बोलणे झाल्यावर ज्याने ते केले त्याने दुसऱ्या ॲडमिनशी, नावे न फोडता, त्याविषयी बोलावे आणि काही दिवस पुढचा प्रसंग दुसऱ्याने घ्यावा. टेली-मानसला ॲडमिनही स्वतःसाठी फोन करू शकतो.

मृत्यू झालाच तर

सर्व करूनही कधी माणूस जातो. तेव्हा बातमी कुटुंबाची संमती घेऊनच आणि एका ओळीत द्यावी. कसे, कुठे आणि चिठ्ठीत काय होते, हे कुणी लिहू लागले तर थांबवावे. प्रेस कौन्सिलने 2019 मध्ये वृत्तपत्रांसाठी स्वीकारलेले संकेत हेच सांगतात आणि ते ग्रुपलाही लागू करावेत. "सुटला बिचारा", "शेवटी शांती मिळाली" असली वाक्ये श्रद्धांजलीत नकोत. ती वाचणाऱ्या दुसऱ्या निराश माणसाला तो मार्गच दाखवतात. दोष कुणावर ढकलायचा याची पंचायत भरवू देऊ नये. ज्यांनी त्याच्याशी शेवटचे बोलणे केले होते आणि ज्यांनी आधी कधी असे लिहिले होते, त्या प्रत्येकाला पुढच्या दोन दिवसांत वेगळा फोन करावा.

नंतरचा संपर्क

वाचलेला माणूस ग्रुपवर परत येतो तेव्हा हार-तुरे आणि "वेलकम बॅक" नको. तो लिहील त्या विषयावर एरवीसारखे उत्तर द्यावे. मुख्य काम खासगीत चालू ठेवायचे असते. सॅन फ्रान्सिस्कोच्या जेरोम मोटो या मानसोपचारतज्ज्ञाने उपचार नाकारलेल्या रुग्णांपैकी काहींना अधूनमधून दोन-तीन ओळींची पत्रे पाठवली. त्यांत ना सल्ला होता, ना भेटीची मागणी. पत्रे मिळालेल्यांमध्ये पहिली दोन वर्षे आत्महत्या कमी झाल्या. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नईसह पाच देशांतल्या पाच ठिकाणी 1,867 जणांबरोबर केलेल्या आणि 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही, प्रयत्नातून वाचलेल्यांशी एकदा सविस्तर बोलून नंतर दीड वर्ष ठरावीक अंतराने संपर्क ठेवला, तेव्हा त्या गटातले आत्महत्येचे मृत्यू 0.2 टक्के राहिले, तर नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटात ते 2.2 टक्के होते.

असा मेसेज लहान असावा: "आज तुझी आठवण आली. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल." दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, पंधरा दिवसांनी, महिन्याने आणि मग दर दोन-तीन महिन्यांनी तो जावा, आणि त्याच माणसाकडून जावा. ज्याने ही जबाबदारी घेतली त्याने तारखा फोनच्या कॅलेंडरमध्ये त्याच रात्री टाकून ठेवाव्यात, आणि ॲडमिनपद सोडताना कोणाला कधी मेसेज करायचा आहे ती यादी, संबंधित सदस्याला विचारून, पुढच्याच्या हाती द्यावी.